जुनी पोर्शे ९११ : खरेदी स्वस्त, दुरुस्ती महाग

महागडी परदेशी मोटार जुनी झाली की तिची किंमत झपाट्याने उतरते. सुट्या भागांची किंमत आणि कसबी कारागिराची मजुरी मात्र उतरत नाही. जुन्या गाड्यांच्या धंद्यात अनेकांची फसगत नेमकी येथेच होते. जर्मनीच्या पोर्शे कंपनीची ९११ ही स्पोर्ट्स कार याचे उत्तम उदाहरण आहे.

१९९७ साली या गाडीची नवी पिढी बाजारात आली. कारखान्यात तिचा क्रमांक ९९६. तोपर्यंत ९११ चे इंजिन हवेने थंड होत असे. या पिढीपासून ते पाण्याने थंड होऊ लागले. त्याच जातीचे इंजिन बॉक्स्टर या धाकट्या गाडीतही बसवले गेले. आज ९११ च्या पिढ्यांत ९९६ तुलनेने स्वस्त मिळते. त्याचे मुख्य कारण म्हणजे तिच्या इंजिनातील एक छोटे बेअरिंग.

या इंजिनात क्रँकशाफ्टखाली एक मधला शाफ्ट असतो. क्रँकशाफ्ट त्याला चेनने फिरवतो आणि तो पुढे दोन्ही बाजूंच्या कॅमशाफ्टना चेनने गती देतो. फ्लायव्हीलच्या बाजूला हा शाफ्ट एका सीलबंद बॉल बेअरिंगवर फिरतो. कालांतराने सील झिजते, इंजिन ऑईल आत झिरपते आणि ग्रीस धुऊन जाते. बेअरिंग तुटले की शाफ्ट डगमगतो, टायमिंग चुकते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि संपूर्ण इंजिन निकामी होते.

सुरुवातीच्या इंजिनांत दोन ओळींचे बेअरिंग होते, ते बरेच टिकाऊ ठरले. नंतर एका ओळीचे आले आणि तक्रारी वाढल्या. अमेरिकेत प्रकरण न्यायालयात गेले. २०१३ मध्ये झालेल्या तडजोडीत ४ मे २००१ ते २१ फेब्रुवारी २००५ या काळात तयार झालेल्या गाड्यांचा समावेश झाला. ती सवलत १० वर्षे व १,३०,००० मैलांपर्यंतच होती. तेव्हा आज हा सारा खर्च मालकाच्याच माथी आहे. बहुसंख्य गाड्यांत बेअरिंग तुटत नाही, हेही खरे. त्याच पिढीच्या टर्बो आणि जीटी-३ या गाड्यांचे इंजिन वेगळ्या बांधणीचे असल्याने त्यांत हा दोष नाही.

बेअरिंगपर्यंत पोचण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. म्हणून क्लचप्लेट, क्रँकशाफ्टचे मागील ऑईल सील आणि हे बेअरिंग ही तिन्ही कामे एकदमच उरकावीत. मजुरी एकदाच पडते. अमेरिकेत या कामाला सुमारे २,५०० ते ४,००० डॉलर लागतात. बेअरिंग तुटून इंजिन नव्याने बांधायचे झाल्यास खर्च १५,००० डॉलरच्या वर जातो. कित्येकदा तो गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक भरतो.

कारागिरांनी एक खबरदारी घ्यावी. क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट जागेवर जखडून आणि चेनचे टेन्शनर सैल करूनच बेअरिंग काढावे. बेअरिंग ओढण्याचे खास हत्यार नसेल तर हे काम अंगावर घेऊ नये. टायमिंग घसरले तर मजुरी राहिली बाजूला, इंजिनाची भरपाई द्यावी लागेल.

याखेरीज नेहमीचे दोष असे :

गाडीच्या मागच्या बाजूस असलेली पाण्याची प्लास्टिकची टाकी तडकते. वॉटर पंपातील प्लास्टिकचा पंखा तुटून त्याचे तुकडे पाण्याच्या मार्गात अडकतात. रेडिएटर पुढच्या बंपरमागे असल्याने तेथे पाला व धूळ साचून इंजिन तापते. आखाताच्या उष्ण हवेत तर ही सफाई टाळून चालणारच नाही. ऑईलची वाफ वेगळी करणाऱ्या भागाचा पडदा फाटला की सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचा लोट निघतो. यांपैकी एकेका कामाला काहीशे ते हजारभर डॉलर पडतात. सिलिंडरला ओरखडे पडले असल्यास मात्र इंजिन खोलण्यावाचून इलाज नाही. टकटक आवाज, ऑईलची जादा खपत आणि एकाच बाजूच्या सायलेन्सरवर जास्त काजळी ही त्याची लक्षणे होत.

खरेदीपूर्वी ऑईल फिल्टर काढून कापून पाहावा. त्यात चमकणारा धातूचा चुरा दिसला तर सौदा तेथेच सोडावा. पूर्वीच्या दुरुस्तीची बिले मागावीत. बेअरिंग बदलल्याचे नुसते तोंडी सांगणे पुरेसे नाही. 'कमी चाललेली गाडी चांगली' हा ठोकताळाही येथे फसवा आहे. उभ्या गाडीत सील वाळतात आणि ऑईल खराब होते. वर्षातून किमान एकदा ऑईल बदललेली, नियमित चालवलेली गाडी अधिक भरवशाची.

विकणाऱ्यानेही बेअरिंगची स्थिती गिऱ्हाइकाला लेखी सांगावी. दोष दडवून मिळवलेला नफा एका सौद्यापुरता असतो, पण दुकानाचे नाव गेले की ते परत मिळत नाही. थोडक्यात, गाडीची किंमत आणि पुढच्या दोन वर्षांची दुरुस्ती यांची बेरीज करून जो आकडा येईल, तोच तिचा खरा भाव समजावा.