पॉसमचे पाय लुळे का पडले?

मागच्या बैठकीत सोयाबीनवरच्या गोगलगायींचा विषय निघाला, तेव्हा गटातल्या एकीनं विचारलं, "ताई, नुसत्या हातानं वेचल्या तर काही होतं का?" उत्तर शोधायला बसले आणि वाचता वाचता थेट ऑस्ट्रेलियात पोचले.

तिथं पॉसम नावाचा प्राणी आहे. मांजराएवढा, झुपकेदार शेपटीचा. कांगारूसारखीच मादीच्या पोटाला पिशवी, तिच्यात पिल्लू वाढतं. सिडनी, ब्रिस्बेनकडं काही रानटी पॉसम मागचे पाय ओढत चालताना सापडले. तपासलं तर मेंदूत बारीक जंत.

हा जंत मुळात उंदराचा. हृदयाकडून फुफ्फुसात रक्त नेणाऱ्या उंदराच्या रक्तवाहिनीत तो संसार थाटतो. दोन-तीन सेंटिमीटर लांब, दोऱ्यासारखा. मादी तिथंच अंडी घालते. त्यातून निघालेल्या अळ्या खोकल्यानं घशाशी येतात, गिळल्या जातात आणि लेंडीवाटे बाहेर पडतात. लेंडी गोगलगाय खाते, गोगलगायीला उंदीर खातो. मग त्या अळ्या आधी उंदराच्या मेंदूत जाऊन वाढतात आणि तिथून पुन्हा त्याच रक्तवाहिनीत. उंदराला सहसा फारसा त्रास होत नाही, हे विशेष!

पॉसमच्या पोटात अशी गोगलगाय गेली की जंत मेंदूपर्यंत पोचतो, पण पुढची वाट त्याला बहुतेकदा सापडत नाही. तिथं सूज येते, पाय लुळे पडतात. माणसाचंही तसंच. सिडनीत मित्रांच्या नादानं बिनशंखी गोगलगाय गिळलेला एक तरुण पोरगा अंथरुणाला खिळला आणि काही वर्षांनी गेला. बहुतेक माणसं बरी होतात, पण सगळी नाही.

पॉसम आपल्याकडं नाही. उंदीर आणि गोगलगाय मात्र दोन्ही आहेत, आणि मुंबईच्या उंदरांत हा जंत १९८०च्या दशकातच सापडला होता.

तर त्या ताईला उत्तर असं, की जंत शिरतो तो तोंडावाटे. वेचलेल्या हातानं भाकरी खाल्ली, तंबाखू मळली, लेकराला घास भरवला, तिथं धोका. मेथी, कोथिंबिरीच्या पानात ज्वारीच्या दाण्याएवढी गोगलगाय सहज लपते. कच्चं खायचं असेल तर पान न् पान वाहत्या पाण्यात धुवा. चांगलं शिजवलं की जंत मरतो. गोगलगायीशी संबंध आल्यावर काही दिवसांनी डोकं फार दुखलं, मान ताठली, अंगाला मुंग्या आल्या, तर डॉक्टरांना गोगलगायीचं आवर्जून सांगा. आपण सांगितलं नाही तर त्यांच्या ध्यानात यायचं नाही.

हातमोजे नसले तर मी दुधाच्या रिकाम्या पिशव्या हाताला बांधते. वेचलेल्या गोगलगायी मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकते, आणि ती बादली घरात आणत नाही.