मुन्शी घाट, एक टॅब आणि ‘कोणतं ॲप घेऊ?’

आजचा भाग मी काशीच्या मुन्शी घाटावर बसून करतेय. माझ्या मागे जो उंच दगडी वाडा दिसतोय, तो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नागपूरकर भोसल्यांच्या दरबारातले मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी बांधला. घाटाला नाव त्यांचंच. पुढे 1915 च्या सुमारास दरभंग्याच्या महाराजांनी ही वास्तू घेतली, म्हणून लागूनचा भाग दरभंगा घाट झाला. उत्तरेकडे चार पावलं टाकली की अहिल्याबाई घाट. मराठी माणसाला इथे परकं वाटत नाही ते उगाच नाही.

पण आज विषय इतिहासाचा नाही. तुमच्याकडून सगळ्यांत जास्त वेळा येणारा प्रश्न असा: “ताई, ड्रॉइंगसाठी सगळ्यात चांगलं ॲप कोणतं?” काही जणांनी टॅब घेण्यासाठी वर्षभर पैसे साठवलेले असतात. त्यामुळे उगाच एक नाव ठोकून देणं मला पटत नाही.

त्याऐवजी माझी एक चूक सांगते. याच पायऱ्यांवर मी पूर्वी एक चित्र केलं होतं. मोबाईलवर टाकायचं म्हणून कॅनव्हास घेतला 1080 बाय 1080 पिक्सेलचा. चित्र जमलं, लोकांनाही आवडलं. मग ओळखीच्या एका काकूंनी भिंतीवर लावायला दोन फुटांची प्रत मागितली. चांगल्या छपाईला इंचाला 300 पिक्सेल धरतात. त्या हिशोबाने माझं चित्र छापून निघणार होतं साडेतीन इंचांचं! ताणून मोठं केलं तर पायऱ्यांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसायला लागल्या. पुन्हा काढायला बसले, पण त्या सकाळचा उजेड काही हाती आला नाही. दोष ॲपचा नव्हता. चित्र शेवटी कुठे जाणार, हे मी सुरुवातीला स्वतःला विचारलंच नव्हतं.

म्हणून पहिला प्रश्न हाच. चित्र मोबाईलवर दिसणार, पुस्तकात छापलं जाणार, भिंतीवर लागणार की कॉमिकचं पान होणार? जेम्स प्रिन्सेप 1820 ते 1830 या काळात बनारसच्या टांकसाळीत नोकरीला होता. त्याने केलेली या शहराची चित्रं पुढे शिळाछापाने छापली गेली. छपाईसाठी काढायचं तर छपाईचं गणित आधी मांडावं लागतं. तेव्हा दगड होता, आता पिक्सेल आहेत.

ते गणित सोपं आहे. ए-फोर कागदासाठी 2480 बाय 3508 पिक्सेल लागतात, ए-थ्रीसाठी 3508 बाय 4961. ए-थ्रीचा एक पूर्ण भरलेला लेयर मेमरीत साधारण 70 एमबी जागा खातो. वीस लेयर केले की झाले जवळजवळ दीड जीबी. कमी रॅमच्या टॅबवर ॲप अडखळतं ते यामुळे. प्रोक्रिएटमध्ये तर कॅनव्हास जितका मोठा, तितकी लेयरची मर्यादा कमी होत जाते. तेव्हा ॲपच्या आधी यंत्र बघा. आणि यंत्रात आधी पेन बघा. रबरी जाड टोकाचं साधं पेन म्हणजे बोटाचाच भाऊ. त्याला दाब कळत नाही. दाब ओळखणारं पेन ज्या टॅबवर चालतं, तोच टॅब चित्रकाराच्या कामाचा.

आता समोर बघा. हा घाट चित्रकाराकडून तीन वेगळ्या गोष्टी मागतो.

पहिली, रेषा. वाडा, कमानी, पायऱ्या. होडीतून समोरून पाहिलं तर पायऱ्यांच्या रेषा आडव्या आणि समांतर. पायरीवर बसून बाजूने पाहिलं की त्याच रेषा दूर कुठेतरी एका बिंदूकडे धावतात, आणि तो बिंदू बहुतेक वेळा कागदाच्या बाहेर असतो. यासाठी पर्स्पेक्टिव्हची मदत देणारं सॉफ्टवेअर हवं. क्रितामध्ये असा बिंदू कॅनव्हासच्या बाहेरही ठेवता येतो. क्लिप स्टुडिओ पेंट, प्रोक्रिएट आणि स्केचबुक यांच्यातही ही सोय आहे.

दुसरी, पाणी. सकाळचं धुकं, गंगेवरचा सोनेरी ओघळ, ओल्या दगडाचा रंग. इथे ओल्या रंगात ओला रंग मिसळायला हवा. ॲडोबी फ्रेस्कोचे लाइव्ह ब्रश आणि रिबेल हे सॉफ्टवेअर जलरंगाचं वाहणं बऱ्यापैकी उभं करतात. पण हे वाहणं दर क्षणाला मोजावं लागतं, त्यामुळे यंत्रावर भार पडतो. जुन्या लॅपटॉपकडून ही अपेक्षा नको.

तिसरी, माणसं. अंघोळ करून वर येणाऱ्या आजी, दोर ओढणारा नावाडी. हे कुणी तुमच्यासाठी थांबत नाहीत. इथे लागतं पटकन उघडणारं ॲप, कमी बटणं आणि पेनामागे रेंगाळत न येणारी रेषा. स्केचबुक या कामाला सुटसुटीत आहे. 2018 पासून त्याची मूळ आवृत्ती फुकट आहे.

सगळ्यांना तिन्ही गोष्टी सारख्याच लागत नाहीत. तुमच्या चित्रात काय जास्त येतं, ते ओळखा. मग निवड आपोआप आखडते.

जुना लॅपटॉप असलेल्या विद्यार्थ्याला मी सांगेन: क्रिता आणि स्क्रीन नसलेला साधा पेन टॅबलेट. क्रिता मुक्त आणि फुकट आहे, विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीवर चालतं. हात खाली आणि नजर वर, ही सवय व्हायला थोडे दिवस लागतात, पण होते. आयपॅड आधीच घरात असेल तर प्रोक्रिएट. एकदा पैसे भरले की झालं. मात्र ते ॲपलच्या बाहेर चालत नाही, हे लक्षात ठेवा. कॉमिक करायचं असेल तर क्लिप स्टुडिओ, कारण चौकटी आणि संवादाचे फुगे यांची सोय त्यात पहिल्यापासून आहे. संगणकावर ते एकरकमी विकत मिळतं, टॅबवर वर्गणी भरावी लागते. अँड्रॉइड टॅब आणि दाब कळणारं पेन असेल तर स्केचबुक किंवा आयबिसपेंट. आणि वर्गणी नको पण जलरंग हवेत, अशांसाठी फ्रेस्को 2024 पासून फुकट झालं आहे. ते आयपॅडवर आणि विंडोजवर चालतं.

वर्गणीचं सॉफ्टवेअर म्हणजे भाड्याचं घर. वाईट असं काही नाही. कमाई त्यावरच होत असेल तर भाडं परवडतं. पण भाडं थांबलं की किल्ली परत द्यावी लागते. सामान तुमचंच असतं, फक्त कुलूप उघडत नाही. म्हणून कोणतंही ॲप घ्या, महत्त्वाचं चित्र संपलं की तीन प्रती ठेवा: ॲपची मूळ फाईल, लेयरसकट पीएसडी आणि सपाट पीएनजी. पीएसडी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते, पण त्यातला मजकूर, व्हेक्टर रेषा आणि काही इफेक्ट जसेच्या तसे येतील याची खात्री नसते. पीएनजी मात्र कुठेही उघडेल.

आता पैसे देण्याआधीची परीक्षा. एक तास पुरे. मित्राचा टॅब मागा किंवा चाचणीची आवृत्ती घ्या.

एक: पट्टी ठेवून अगदी सावकाश तिरकी रेषा ओढा. रेषा नागमोडी झाली तर खोट पेनात किंवा टॅबलेटमध्ये आहे, तुमच्या हातात नाही.

दोन: ए-थ्री कॅनव्हास उघडा, पंधरा लेयर करा आणि मोठा ब्रश फिरवा. रंग मागे रेंगाळतो का, बघा.

तीन: चित्र पीएसडी करून दुसऱ्या ॲपमध्ये उघडा.

चार: ‘श्रद्धा’, ‘ज्येष्ठ’, ‘तर्क’ हे शब्द टाईप करा. जोडाक्षरं तुटली तर मराठी पोस्टर करताना रडकुंडीला याल. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत असं झालं तर मजकुराच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा.

पाच: तुम्ही बाहेर काढणार असाल तर टॅब उन्हात न्या. काशीचे हे घाट पूर्वेकडे तोंड करून आहेत. सकाळी होडीतून घाट काढायला बसलात तर सूर्य पाठीशी, म्हणजे थेट स्क्रीनवर. काच चमकते आणि आपला रंग आपल्यालाच कळत नाही. मी सकाळी फक्त रेषा आणि उजेड-सावली घेते, रंग सावलीत बसून भरते.

या पाचांत जे ॲप पास होईल, ते तुमचं. मग किमान सहा महिने ते बदलू नका. नवीन ॲप शिकण्यात जो वेळ जातो, तो चित्रांतूनच वजा होतो.

त्या काकूंना मी शेवटी काय दिलं? कागदावरच्या स्केचबुकात त्याच सकाळचं पेन्सिलीचं एक रेखाटन होतं. ते स्कॅन केलं, क्रितामध्ये ए-थ्रीपेक्षा मोठा कॅनव्हास घेऊन त्यावर नव्याने रंग चढवले. उजेड आठवणीतला आहे, थोडा वेगळाच. काकूंनी तो भिंतीवर लावला. तेव्हापासून टॅबच्या पिशवीत एक छोटी वही आणि पेन्सिल असतेच. तिला चार्जिंग लागत नाही.

तुमच्यासाठी गृहपाठ: एका कागदावर लिहा, ‘माझं चित्र शेवटी कुठे जाणार?’ उत्तर एका ओळीत आलं की मगच दुकानात जा. पुढच्या भागात ब्रश कसे निवडायचे ते पाहू.