ग्राफीन पोलादापेक्षा मजबूत, पण कुठे आणि किती?

ग्राफीनचा विषय निघाला की ‘पोलादापेक्षा दोनशे पट मजबूत’ हे वाक्य ठरलेले. वस्तूच्या नावामागे ग्राफीन लावले की ती वस्तूही तितकीच मजबूत झाली, असे ग्राहक धरून चालतो. हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे आणि तरीही तो छापला जातो, याची चीड येते. मूळ आकडा मात्र खरा आहे. २००८ साली कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी ग्राफीनचा, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या जाडीच्या थराचा, पडदा सूक्ष्म छिद्रावर ताणून, हिऱ्याच्या अतिसूक्ष्म टोकाने तो फाटेपर्यंत दाबला. ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेली त्याची ताणशक्ती होती सुमारे १३० गिगापास्कल, बांधकामाच्या पोलादाची असते अर्ध्या गिगापास्कलच्या आसपास. पण ते छिद्र जेमतेम एक-दीड मायक्रोमीटरचे होते आणि पडदा जवळजवळ निर्दोष.

शिवाय गिगापास्कल हे क्षेत्रफळाच्या हिशेबातले माप आहे आणि ग्राफीनची जाडी फक्त ०.३४ नॅनोमीटर. त्यामुळे एक मीटर रुंदीचा निर्दोष पडदासुद्धा सुमारे ४२ न्यूटन, म्हणजे सव्वाचार किलोच्या भाराने तुटेल. तेवढ्याच रुंदीचा एक मिलिमीटर जाड पोलादी पत्रा सुमारे ५० टनांचा भार घेतो. ‘मग थरावर थर रचा’, असे कोणी म्हणेल. पण कार्बनचे भक्कम बंध एकाच थराच्या आत असतात. थराथरांमधले आकर्षण क्षीण, म्हणून ते एकमेकांवरून घसरतात. असे असंख्य थर म्हणजेच ग्रॅफाइट, पेन्सिलीतले. त्यात ग्राफीन ठिसूळही आहे: राइस विद्यापीठ आणि जॉर्जिया टेक यांच्या २०१४च्या प्रयोगांत दिसले की आधीची चीर असेल तर ते फार कमी ताणाला फाटते. प्लास्टिकमध्ये थोडे ग्राफीन मिसळल्यास त्याचा ताठपणा वाढतो, हे खरे. पण किती, हे कण किती सारखे पसरले आणि प्लास्टिकला किती घट्ट चिकटले यावर ठरते, त्या १३० गिगापास्कलवर नाही.

आणि ‘ग्राफीन’ लिहिलेल्या डब्यात ग्राफीन असते तरी किती? सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील संशोधकांनी जगभरातल्या ६० उत्पादकांचे नमुने तपासून २०१८ साली ‘अॅडव्हान्स्ड मटेरियल्स’मध्ये निष्कर्ष मांडले. दहा थरांपर्यंतचे कण ग्राफीन म्हणून मोजूनही बहुतेक नमुन्यांत त्याचे प्रमाण १० टक्क्यांहून कमी होते, एकाही नमुन्यात ५० टक्क्यांवर नव्हते. उरलेले मुख्यतः बारीक ग्रॅफाइटच.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ग्राफीन चिपमध्ये सिलिकॉनची जागा लगेच घेणार नाही. नैसर्गिक स्वरूपात त्यात ऊर्जापट्ट्यांमधील दरी नसल्याने ट्रान्झिस्टर पुरता बंद होत नाही. ‘ग्राफीन बॅटरी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक बॅटऱ्या लिथियमच्याच असतात. कोविड लशींच्या घटकांत ग्राफीन ऑक्साइड नाही. आणि ग्राफीनची कल्पना २००४ची नाही. भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस यांनी त्याचे गणित १९४७ सालीच मांडले होते, २००४ साली गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी मँचेस्टरमध्ये तो थर वेगळा करून त्याचे गुणधर्म मोजले.

हे संशोधन मोलाचे आहे, म्हणूनच त्याच्या नावावर काहीही खपवणे सहन करू नये. विक्रेत्याला तीन प्रश्न विचारा: थर किती, प्रमाण किती, आणि मजबुतीची चाचणी या तयार वस्तूवर झाली का? तिसऱ्याचे उत्तर नसेल, तर ‘दोनशे पट’चा त्या वस्तूशी काहीही संबंध नाही.