मधला चेंडू कोणाचा?

२०२१ सालची गोष्ट. पोर्तुगालमध्ये समुद्रासमोर बसलेल्या एका एकेचाळीस वर्षांच्या टेनिसपटूने आपल्या पत्नीला एक ध्वनिचित्र संदेश पाठविला. आता थांबावे म्हणतो, अशा आशयाचा तो संदेश होता. सामने जिंकता येत नव्हते. पाच-पाच महिने एकही विजय हाती लागला नव्हता, असे त्याने स्वतःच पुढे सांगितले. घर दूर, मुलगी लहान, आणि गुडघ्यांतील कूर्चा झिजून संपलेली. या साऱ्यात खेळायचे तरी कशासाठी, हा प्रश्न त्याला पडला होता.

तो खेळाडू म्हणजे रोहन बोपण्णा. २७ जानेवारी २०२४ रोजी मेलबर्न येथे ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू एब्डनसह त्यांनी ऑस्ट्रेलियन ओपन स्पर्धेतील पुरुष दुहेरीचे विजेतेपद मिळविले. सिमोने बोलेल्ली आणि आंद्रेआ वावासोरी या इटालियन जोडीचा त्यांनी ७-६, ७-५ असा पराभव केला. त्या वेळी बोपण्णांचे वय त्रेचाळीस वर्षे आणि जवळजवळ अकरा महिने होते. पुरुष दुहेरीच्या ग्रँड स्लॅम स्पर्धांतील हा त्यांचा ६१ वा प्रयत्न. दोनच दिवसांनी ते दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत प्रथमच अग्रस्थानी आले, आणि इतक्या वयात प्रथमच तेथे पोहोचलेला दुसरा कोणीही नव्हता.

पोर्तुगालचा किनारा आणि मेलबर्नचा चषक यांच्यामध्ये तीन वर्षांहूनही कमी काळ आहे. त्या काळात घडले ते काही चमत्कारासारखे नाही. ज्यांच्या घरात गुडघेदुखी आहे, औषधांची पेटी आहे आणि एकमेकांना सांभाळणारी दोन माणसे आहेत, त्यांनी ते मुद्दाम समजून घ्यावे असे आहे.

थोडे अंगण, पण आपले

बोपण्णांचा जन्म ४ मार्च १९८० रोजी बंगळूरु येथे झाला. त्यांचे बालपण गेले ते कोडगूमध्ये, कॉफीच्या मळ्यांच्या सोबतीने. अकराव्या वर्षी त्यांनी टेनिस हाती घेतले. सर्व्हिस बळकट व्हावी म्हणून लाकडे फोडायची आणि दम वाढावा म्हणून मळ्यांतील वाटांवर धावायचे, असा तो काळ. २००३ साली ते व्यावसायिक खेळाडू झाले. आरंभी एकेरीतही त्यांनी नशीब अजमावले; परंतु तेथे त्यांचा सर्वोत्तम क्रमांक २१३ राहिला. मग त्यांनी आपले बळ दुहेरीकडे वळविले.

एकेरीत जमले नाही म्हणून दुहेरी, असे कोणी म्हणेल. पण दुहेरीचे गणित वेगळेच आहे. टेनिसच्या मैदानाची लांबी दोन्ही प्रकारांत २३.७७ मीटर असते. रुंदी मात्र एकेरीत ८.२३ मीटर आणि दुहेरीत १०.९७ मीटर. एकेरीच्या खेळाडूला आपल्या बाजूचे सुमारे ९८ चौरस मीटर अंगण एकट्याने राखावे लागते. दुहेरीत मैदान रुंद असूनही प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ६५ चौरस मीटर येतात, म्हणजे एक तृतीयांशाने कमी. धावाधाव घटते, पण नजर, हाताची चपळाई आणि सोबत्याच्या मनाचा अंदाज यांची गरज वाढते. वयाबरोबर पायांचा वेग ओसरतो, मात्र डाव ओळखण्याची जाण तशी ओसरत नाही. म्हणूनच चाळिशी ओलांडलेले खेळाडू दुहेरीत अधूनमधून दिसतात. मार्टिना नवरातिलोवा यांनी २००६ साली अमेरिकन ओपनची मिश्र दुहेरी जिंकली, तेव्हा त्या पन्नाशीला टेकल्या होत्या.

बोपण्णांची कारकीर्द म्हणजे अनेक जोड्यांची मालिका आहे. पाकिस्तानच्या ऐसाम-उल-हक कुरेशी यांच्यासह ते २०१० साली अमेरिकन ओपनच्या अंतिम फेरीत पोहोचले. त्या वेळी संयुक्त राष्ट्रांतील भारत आणि पाकिस्तान यांचे प्रतिनिधी प्रेक्षकांत एकत्र बसले होते. २०१२ मध्ये महेश भूपती यांच्यासह त्यांनी पॅरिसची मास्टर्स स्पर्धा जिंकली. २०१७ मध्ये कॅनडाच्या गॅब्रिएला डाब्रोवस्की यांच्या साथीने दोन मॅच पॉइंट वाचवून फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरी मिळविली. ते त्यांचे पहिले ग्रँड स्लॅम विजेतेपद. प्रत्येक नव्या सोबत्याबरोबर कोण कोठे उभा राहील, कोणता फटका कोणाचा, हे नव्याने ठरवावे लागे. या खेळात दुसऱ्याशी जुळवून घेणे हे सर्व्हिसइतकेच मोठे कौशल्य आहे.

वंगण संपले तेव्हा

आपल्याकडे घरोघरी ऐकू येणारे वाक्य आहे : 'गुडघ्यातले वंगण संपले.' त्यामागचे शास्त्र थोडक्यात असे. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जेथे भेटतात, तेथे हाडांच्या टोकांवर गुळगुळीत, लवचिक कूर्चेचे आवरण असते. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ती एकदा झिजली की पूर्ववत भरून येत नाही. मग हाडांवरचा भार वाढतो, सूज येते, दुखते. दुखते म्हणून माणूस हालचाल कमी करतो. हालचाल कमी झाली की मांडीचे स्नायू दुबळे होतात. स्नायू दुबळे झाले की सांध्यावरचा भार आणखी वाढतो. हे चक्र सत्तरीतल्या आजींच्या गुडघ्यात फिरते, तसेच ते बोपण्णांच्या गुडघ्यांत फिरत होते.

दिवसाला दोन-तीन वेदनाशामक गोळ्या घेऊन आपण खेळत होतो, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे. येथे वाचकांनी थांबावे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या वेदना शमवितात, झीज थांबवीत नाहीत. त्या दीर्घकाळ घेतल्याने जठरात व्रण होणे, मूत्रपिंडांवर ताण येणे, रक्तदाब वाढणे असे धोके संभवतात, आणि वाढत्या वयात ते अधिक असतात. रक्त पातळ ठेवण्याचे किंवा रक्तदाबाचे औषध चालू असेल, तर या गोळ्या डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत. ‘एकच तर घेतली’ असे म्हणत रोज घेतलेली गोळी ही रोजचीच गोळी असते.

पुण्यातून गेलेली वाट

२०२० साली महासाथीमुळे जगभरातील स्पर्धा थांबल्या. सक्तीच्या त्या विश्रांतीत बोपण्णांनी अय्यंगार योगाचा अभ्यास सुरू केला. या पद्धतीचे मूळ स्थान आपल्या पुण्यात आहे. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली योगशिक्षक म्हणून पुण्यास आले आणि तेथेच स्थिरावले; पत्नीच्या स्मरणार्थ उभारलेली रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था १९७५ साली सुरू झाली. बालपणी आजारांनी खंगलेला हा माणूस पंचाण्णव वर्षे जगला.

त्यांच्या पद्धतीचे वैशिष्ट्य म्हणजे साधनांचा आधार. पट्टा, लाकडी ठोकळा, लोड, दोरी, घडीची खुर्ची, भिंत यांच्या साहाय्याने शरीराला नेमक्या स्थितीत आणायचे आणि तेथे शांतपणे थांबायचे. हात पायापर्यंत पोहोचत नसेल, तर पट्टा तेवढे अंतर भरून काढतो. ज्येष्ठांसाठी यातील बोध मोलाचा आहे. आधार घेणे ही हार मानली, तर काठी कोपऱ्यात पडून राहते आणि माणूस न्हाणीघरात पडतो.

योगाने बोपण्णांची कूर्चा परत आली नाही. तसा दावा त्यांनीही केला नाही. गुडघ्याभोवतीचे स्नायू बळकट झाले, शरीराचा तोल सुधारला, वेदना कमी झाल्या आणि मैदानावर मन शांत राहू लागले, असा त्यांचा अनुभव आहे. जे गेले ते गेले. जे उरले आहे त्याभोवती बळ उभे करायचे, एवढाच त्याचा अर्थ.

फळ लगेच मिळाले नाही. पोर्तुगालमधील निराशा ही योग सुरू केल्यानंतरची आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. २०२२ च्या फेब्रुवारीत रामकुमार रामनाथन यांच्यासह त्यांनी पुण्याच्या बालेवाडीत विजेतेपद मिळविले, आणि त्याच वर्षी ते फ्रेंच ओपनच्या उपांत्य फेरीपर्यंत गेले. २०२३ साली एब्डन यांच्याशी जोडी जमली. इंडियन वेल्स जिंकली, अमेरिकन ओपनची अंतिम फेरी गाठली. त्याच वर्षी हांगचौच्या आशियाई क्रीडास्पर्धेत आपल्या महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसले यांच्या साथीने मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळाले. पहिला सेट २-६ असा गमावून जिंकलेला तो अंतिम सामना होता. त्यानंतर चार महिन्यांनी मेलबर्न आले.

सोबत्याने किती धावावे?

दुहेरीत सर्वांत अवघड चेंडू कोणता? जोरकस नव्हे, कोपऱ्यातलाही नव्हे. दोघांच्या बरोबर मधून जाणारा. 'तो घेईल' असे दोघांनाही वाटले, तर चेंडू निघून जातो. दोघेही धावले, तर रॅकेटवर रॅकेट आपटते. म्हणून अनुभवी जोड्या प्रत्येक गुणानंतर जवळ येऊन दोन शब्द बोलतात, पाठीमागे हात नेऊन खुणा करतात, 'माझा' किंवा 'तुझा' असे मोठ्याने सांगतात.

रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या घरांत असे मधले चेंडू रोज येतात. दुपारची गोळी आईने आठवणीने घ्यायची, की सुनेने द्यायची? तपासणीची तारीख कोण लक्षात ठेवणार? सांगितले नाही, तर गोळी एक तर चुकते किंवा दोनदा घेतली जाते.

याहून नाजूक प्रश्न आहे तो दुसऱ्याच्या अंगणात धावण्याचा. सोबत्याचे चेंडूही आपणच मारणारा खेळाडू आरंभी कर्तबगार वाटतो. पण त्यामुळे आपली बाजू उघडी पडते आणि सोबत्याचा हात बसतो. प्रेमापोटी घरातही असेच घडते. बाबांना उठताना त्रास होतो म्हणून मुलगा त्यांना काखेत हात घालून उचलतो. काही महिन्यांत बाबांच्या मांड्यांचे बळ खरोखरच जाते, आणि मुलाची कंबरही धरते. त्याऐवजी हात टेकायला दांडे असलेली, थोडी उंच, भक्कम खुर्ची द्यावी. बाजूला उभे राहावे. आणि त्यांना स्वतः उठू द्यावे. वेळ लागेल. लागू द्यावा.

डॉक्टरांना विचारून दोन साधे व्यायाम घरी करता येतात. पहिला हाच : खुर्चीतून सावकाश उठणे आणि सावकाश बसणे, झेपेल तितक्या वेळा. दुसरा : पाय लांब करून बसावे किंवा पाठीवर झोपावे, गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवावा, मांडी आवळून तो खाली दाबावा, पाच अंक मोजून सोडावे, प्रत्येक पायाने दहा वेळा. सांधा सुजून लाल किंवा गरम झाला, अडकू लागला, अथवा पाय भार घेईनासा झाला, तर व्यायाम थांबवून त्वरित डॉक्टरांना दाखवावे. जिने, मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे यांबाबतही त्यांचाच सल्ला घ्यावा.

सोबतीचे मोल आणखी एका पाहणीतून सूचित होते. डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरात ८,५७७ व्यक्तींचा सुमारे पंचवीस वर्षे मागोवा घेण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. बैठे जीवन जगणाऱ्यांच्या तुलनेत टेनिस खेळणाऱ्यांचे आयुर्मान ९.७ वर्षांनी, बॅडमिंटन खेळणाऱ्यांचे ६.२ वर्षांनी, तर जॉगिंग करणाऱ्यांचे ३.२ वर्षांनी अधिक आढळले. खेळामुळेच आयुष्य वाढले, असे अशा पाहणीवरून सिद्ध होत नाही. टेनिस खेळणारे मुळातच सुस्थितीतले असू शकतात. तरीही सोबत्याशिवाय होत नाहीत अशा खेळांचा क्रम वर लागावा, याची संशोधकांनीही दखल घेतली. आपल्या वाचकांनी यासाठी रॅकेट विकत घ्यावी असे नाही. संध्याकाळी बागेत फेरी मारताना एखाद्या शेजाऱ्याला हाक मारावी.

थांबणेही ठरवावे लागते

बोपण्णा थांबले तेही टप्प्याटप्प्याने. २०२३ च्या सप्टेंबरात लखनौ येथे त्यांनी डेव्हिस चषकाचा निरोप घेतला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये एन. श्रीराम बालाजी यांच्यासह पहिल्याच फेरीत पराभूत झाल्यावर देशासाठी खेळणे थांबविले. १ नोव्हेंबर २०२५ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी व्यावसायिक टेनिसमधून निवृत्ती जाहीर केली. चार वर्षांपूर्वी समुद्रकाठी मनात आलेले थांबणे हताशेतून आलेले होते. हे थांबणे समजून-उमजून होते. मधल्या वर्षांनी त्यांना चषक दिले, तसा हा फरकही दिला.

मधली ती वर्षे त्यांनी एकट्याने काढली नाहीत. पत्नी सुप्रिया, प्रशिक्षक स्कॉट डेविडॉफ, शरीराची निगा राखणारे तज्ज्ञ आणि मैदानावरचा जोडीदार, प्रत्येकाच्या वाट्याला आपापला चेंडू होता.

आज संध्याकाळी चहाच्या वेळी आपणही घरच्यांसह पाच मिनिटे बसावे. औषधे, तपासण्या, फिरणे, जिना, रात्रीचे उठणे यांची यादी करावी आणि प्रत्येकासमोर नाव लिहावे. ज्येष्ठांचे नाव किमान दोन ठिकाणी तरी असावे. ती यादी औषधांच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवावी, आणि महिन्याभराने पुन्हा एकत्र बसून पाहावी.