दगडतेल

आज आपल्याशी एका दगडाविषयी बोलायचं आहे. हा दगड पेटतो. बाल्टिक समुद्राकाठच्या एस्टोनिया या चिमुकल्या देशात त्याला ‘पोलेवकिवी’, म्हणजे जळणारा दगड म्हणतात. तिथल्या एका गावाचं नावच किविओली आहे. ‘किवी’ म्हणजे दगड, ‘ओली’ म्हणजे तेल. मी कविता लिहिणारा माणूस, विज्ञान शिकलेला नव्हे. मला या विषयाकडे ओढलं ते या नावानं. आपलं रॉकेल तरी काय, इंग्रजीतलं ‘रॉक ऑइल’च. आमच्या घरात त्याला ‘मिट्टी का तेल’ म्हणत.

इंग्रजीत या दगडाला ‘ऑइल शेल’ म्हणतात. नाव जरा फसवं आहे, कारण त्यात तयार तेल नसतं. सुमारे पंचेचाळीस कोटी वर्षांपूर्वी तिथल्या उथळ समुद्रातले सूक्ष्म जीव मेले, गाळात गाडले गेले आणि त्यांच्यापासून केरोजेन नावाचा घट्ट पदार्थ तयार झाला. तो पुरेसा खोल गेला असता, तर पृथ्वीच्या उष्णतेनं त्याचं खनिज तेल झालं असतं. तसं झालं नाही. निसर्गाचं हे अर्धवट राहिलेलं काम माणूस भट्टीत पुरं करतो.

आपल्याकडचा लोणारी लाकडं रचून वरून माती लिंपतो. आत हवा कोंडते, म्हणून लाकडाची राख न होता कोळसा होतो. हवेवाचून तापवून पदार्थाचं विघटन करण्याच्या या क्रियेला पायरोलिसिस म्हणतात. एस्टोनियात दगडाचा चुरा बंद भट्टीत सुमारे ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. केरोजेन फुटतं, वाफा निघतात, त्या थंड केल्या की तेल मिळतं. उरलेला वायूही जळणाला येतो. लोणाऱ्याच्या भट्टीतून जो धूर वाऱ्यावर जातो, तोच इथे मुख्य पीक!

मात्र एक टन दगडामागे हाती येतं साधारण सव्वाशे किलो तेल. बाकी बहुतेक राख. किविओली आणि कोहत्ला-यार्वे या गावांशेजारी या राखेचे डोंगर उभे आहेत. त्यांतून झिरपणारं पाणी दाहक असतं. कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो तो वेगळाच.

मग हे सोडून का देत नाहीत? कारण याच दगडानं त्या देशाला उभं ठेवलं. तेल काढतात तसा तो वीजकेंद्रांत थेटही जाळतात. या शतकाच्या आरंभी एस्टोनियाची नव्वद टक्क्यांहून अधिक वीज त्यातूनच येत होती. शेजारच्या बलाढ्य रशियापुढे हात पसरावा लागू नये, ही त्यामागची मोठी गरज. २०२१ साली तिथल्या सरकारनं २०३५ पर्यंत या दगडापासूनची वीज थांबवण्याचं ठरवलं. पण २०२२ साली युक्रेनवर हल्ला झाला, विजेचे भाव भडकले आणि जुनी केंद्रं पुन्हा जोमानं चालू लागली. खाणीत आयुष्य काढलेल्या कुटुंबांनी पुढे काय करायचं, हाही प्रश्न आहेच.

राखेचा डोंगर दिसतो म्हणून त्या दगडाला नावं ठेवणं सोपं आहे. पण आपल्या घरातला दिवाही कुठला तरी डोंगर पोखरूनच लागतो. फरक इतकाच, की त्याची राख आपल्या खिडकीतून दिसत नाही. बटण दाबताना एवढं ध्यानात राहिलं, तरी आपण दोन दिवे कमी लावू.