जुन्या भिंगाची पारख

आजोबांच्या पेटींतून एखादा रोलायकॉर्ड वा रोलायफ्लेक्स कॅमेरा निघतो, हौसेनें एक फिल्म घातली जाते, चित्रें धूसर येतात. लगेच भिंग 'गेलें' असा निकाल देऊन कॅमेरा भंगारांत जातो. हा उघड अन्याय आहे.

प्रथम झडप उघडी ठेवून भिंगांतून विजेरीचा झोत तिरपा टाकावा. आंत धुकें किंवा बुरशीचे तंतू दिसले तर कारागीर गांठावा. शिवाय या कॅमेऱ्यांत पाहण्याचें भिंग वेगळें, चित्र घेण्याचें वेगळें. दोहोंचा मेळ बिघडल्यास उत्तम भिंगही अपराधी ठरतें!

एवढें निस्तरल्यावर कॅमेरा तिपाईवर, विटांच्या भिंतीशीं समांतर ठेवून दोन चित्रें घ्यावीं. एक छिद्र पूर्ण उघडून, दुसरें एफ ८ वर. रोलायकॉर्डमधील ट्रायोटार तीन कांचांचें. छिद्र उघडें असतां त्याचा मध्य स्वच्छ, कोपरे मात्र विरघळल्यासारखे. झाइसच्या पॉल रुडॉल्फ यांनीं १९०२ सालीं सिद्ध केलेलें टेसार चार कांचांचें, म्हणून कोपऱ्यांत सरस. एफ ८ किंवा ११ वर हा भेद पुष्कळसा मावळतो.

पण विटा मोजणें म्हणजे सर्व पारख नव्हे. वृद्ध माणसाच्या मुखचित्रास मी तरी ट्रायोटारच निवडीन. त्यांत सुरकुत्या दिसतात, बोंचत नाहींत. युद्धपूर्व भिंगांवर बहुधा परावर्तन रोखणारा लेप नसतो, त्यामुळें सूर्य समोर असतां चित्र फिकें पडतें. त्यावर काळ्या कागदाची आंखूड नळी भिंगापुढें बसविली कीं पुरे.