गोधडीचे थर आणि कच्चा दोरा

गोधडी चांगली झाली कीं नाहीं, हें पाहणारा बहुधा वरच्या टांक्यांवरून ठरवितो. टांके सारखे, ओळी सरळ आणि रंगांची मांडणी डोळ्यांस सुखविणारी असली म्हणजे गोधडी उत्तम, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु तिचें आयुष्य ठरतें तें त्यापूर्वींच. थर जमिनीवर पसरून ते कच्च्या दोऱ्यानें टांचण्याच्या वेळीं. काम संपल्यावर हा दोरा उसवूनच टाकावयाचा असतो. मग त्यांत दुपार कां घालवावी, असें पुष्कळांस वाटतें. फसगत होते ती येथेंच.

गोधडीची ऊब केवळ कापडाच्या जाडीची नसते. ती थरांमध्यें कोंडून राहिलेल्या हवेची असते. म्हणून जुन्या, मऊ सुती कापडाचे चार-पांच पातळ थर एका जाडजूड कापडापेक्षां अधिक सुखाचे होतात. नऊवारी लुगडें सुमारें सव्वाआठ मीटर लांब असतें. त्याच्या चार घड्या केल्या तर एका माणसाच्या पांघरुणाचे चार थर सहज निघतात. टिकाऊ कापड वर व तळाशीं घ्यावें, विरलेलें जुनेर आंत घालावें. जाड कांठ, शिवणी आणि बटणें आधींच काढून टाकावीं. वरचें कापड कोरें असेल तर तें प्रथम धुऊन वाळवावें. कोरें कापड पहिल्या धुण्यांत आटतें, जुनेर आटत नाहीं. दोहोंची ही ओढाताण पुढें चुण्यांच्या रूपानें दिसते.

थर मांडण्यासाठीं फरशी पुसून कोरडी करावी. तळाचें कापड चहूंबाजूंनीं दोन-तीन इंच मोठें घ्यावें आणि त्याची सुलट बाजू फरशीकडे करून तें पसरावें. कोपऱ्यांवर पाट, तांब्या, वरवंटा असें कांहीं जड ठेवावें. कापड सपाट व्हावें, पण ताणलें जाऊं नये. ताणलेलें कापड सोडल्याबरोबर आंखडतें. आंतील तुकडे एकमेकांवर न चढवितां कडेला कड लावून मांडावे. गवंडी विटा रचतांना सांध्यावर सांधा येऊं देत नाहीं, तोच नियम येथें लागू आहे. सर्व तुकड्यांचे उभे धागे एकाच दिशेनें यावे. तिरपें ठेवलेलें कापड ओढीनें लांबतें आणि गोधडी वांकडी होते. शेवटीं वरचें कापड चौघडी करून त्याचा मध्य तळाच्या मध्यावर आणावा आणि तळहात मध्यापासून कडेकडे फिरवीत तें बसवावें.

आतां कच्चा दोरा कशासाठीं, तें पाहूं जातां कारण असें दिसतें. सुई प्रत्येक टांक्यास वरचा थर केसभर पुढें ढकलते. शेंकडों टांक्यांनीं हा फरक सांचत जातो आणि ओळीच्या शेवटीं त्याची ठळक चुणी होते. महाराष्ट्रांत पुष्कळ ठिकाणीं गोधडी कडेपासून आंत, चौकटींत चौकट अशा धांवदोऱ्यानें शिवतात. या रीतींत सैल कापडास बाहेर जाण्यास वाटच राहत नाहीं. तें मध्यावर गोळा होतें. म्हणून कच्चा दोरा मात्र मध्यापासून कडेकडे घालावा, म्हणजे सैलपणा आधींच बाहेर पडतो.

यासाठीं लांब सुई आणि पांढरा सुती दोरा घ्यावा; रंगीत दोऱ्याचा रंग कापडास लागण्याची भीति असते. दोऱ्याची गांठ वरच्या बाजूस ठेवावी, म्हणजे पुढें ती कापणें सोपें जातें. पहिल्या दोन ओळी मध्यांतून जाव्या, एक उभी व एक आडवी. त्यानंतर दोहों दिशांनीं चार-चार इंचांवर ओळी घालाव्या. टांका दोन इंचांचा असला तरी चालतो. तळहात गोधडीवर कोठेंही ठेवला असतां त्याखालीं कच्चा टांका आला पाहिजे, ही याची परीक्षा. कापड हातानें उचलूं नये. सुईचें टोंक वर घेण्यास चमच्याची कड लावावी. दोरा ओढून घट्ट करूं नये. सर्व झाल्यावर गोधडी उलटून तळाची बाजू पाहावी. तेथें सुरकुती आढळली तर तेवढ्या ओळी उसवून पुन्हा घालाव्या. पक्का धांवदोरा पडल्यावर ही दुरुस्ती होत नाहीं.

हा सारा खटाटोप केवळ देखणेपणासाठीं नाहीं. थर सरकलेले असले कीं धुतांना ओल्या गोधडीचा भार थोड्याच टांक्यांवर येतो आणि विरलेलें कापड सुईच्या भोकांपाशीं फाटूं लागतें. दोरा बाजारांत मिळतो, कापडही मिळतें. आजीचें लुगडें किंवा मुलाचें पहिलें झबलें पुन्हा मिळत नाहीं. शेवटीं जो उसवून टाकावयाचा, तोच दोरा त्यांना आणखी कित्येक हिंवाळे घरांत राखतो.